जिल्ह्याच्या न्यायालयांतील वकिली

वकील म्हटला कीं सामान्यतः दोन चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. एक, उच्च न्यायालयाच्या भव्य दालनांत काळा झगा घालून कायद्याचे ग्रंथ उलगडणाऱ्या पंडिताचें. आणि दुसरें, बोलपटांत टाळ्या घेणाऱ्या वक्त्याचें. तिसरें एक चित्र आहे, पण तें फारसें कोणी रंगवीत नाहीं. जिल्ह्याच्या गांवीं न्यायालयासमोर दोन खोल्यांची एक कचेरी असते. एक ज्येष्ठ वकील, हाताखालीं दोन-तीन तरुण वकील, एक जुना कारकून, कपाटांत फडक्यांत बांधलेलीं बाडें, आणि बाहेरच्या बांकावर सकाळच्या पहिल्या एस्.टी.नें आलेले चार शेतकरी. एवढाच तिचा संसार. ही लहान कचेरी वाढते कशी आणि तिचें यश कशांत असतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि त्यासाठीं मी धाराशिव जिल्ह्याचें उदाहरण घेणार आहें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपली अशी समजूत असते कीं, खरी लढाई वरच्या न्यायालयांत होते. खालचें न्यायालय म्हणजे केवळ तिची पहिली पायरी. वस्तुस्थिति बहुधा याच्या उलट असते. साक्षीदार उभा राहतो तो खालच्या न्यायालयांत. कागद सिद्ध होतो किंवा बाद होतो तो तेथेंच. अपिलांत सहसा नवा पुरावा घेतां येत नाहीं; खालीं जमविलेल्या कागदांवरच वर वाद चालतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचें कलम १०० १९७६ सालीं बदलण्यांत आलें. तेव्हांपासून दुसरें अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालतें. बांध कोणाचा, वहिवाट कोणाची, सही खरी कीं खोटी, हे प्रश्न जिल्ह्याच्या न्यायालयांतच बहुशः कायमचे निकालांत निघतात. म्हणून ज्याची जमीन पणास लागली आहे त्याचें भवितव्य त्या दोन खोल्यांच्या कचेरींत किती मेहनत झाली यावर अवलंबून असतें.

धाराशिवांत ही मेहनत विशेष कठीण कां, हें समजण्यासाठीं थोडा इतिहास पाहावा लागतो. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि उस्मान अली खान यांच्या नांवावरून त्यास उस्मानाबाद म्हणत. १९२१ च्या सुमारास संस्थानानें न्यायखातें आणि अंमलदारी यांची फारकत केली, ही गोष्ट त्या काळाच्या मानानें पुढारलेली होती. परंतु न्यायालयाची भाषा उर्दू. रयत बोलणार मराठी, दावा चालणार उर्दूंत. आपल्याच जमिनीविषयीं काय बोललें जात आहे हें वादी-प्रतिवादी दोघांसहि कळत नसे. तेव्हांच्या वकिलाचें पहिलें काम कायदा सांगणें हें नव्हतें. पक्षकाराचें गाऱ्हाणें त्याच्या तोंडून नीट काढून घेऊन तें दुसऱ्या भाषेंत जसेंच्या तसें उभें करणें, हें होतें.

त्या काळच्या वकिलांत केशवराव कोरटकर यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. मराठवाड्यांतून निघालेल्या या गृहस्थांनीं गुलबर्ग्यास वकिली केली, आणि पुढें ते हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति झाले. हैदराबादेच्या विवेकवर्धिनी शाळेच्या उभारणींतहि ते अग्रभागीं होते. त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार यांनीं हाच व्यवसाय चालविला. आणि १९४८ सालीं रझाकारांचा जुलूम वाढला तेव्हां संस्थानांतील वकिलांनीं न्यायालयांवर जो बहिष्कार घातला त्याचें नेतृत्व त्यांच्याकडे होतें. ज्याची रोजची भाकरी न्यायालयांत आहे त्यानें तेथील पायरी चढण्याचें नाकारावें, ही लहान गोष्ट नव्हे. धाराशिव जिल्ह्यांतलेच उद्धवराव पाटील हेहि पेशानें वकील. शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी म्हणून पुढें ते विधानसभेंत विरोधी पक्षाचे नेते झाले. शेतकऱ्याचें म्हणणें मुद्देसूद मांडण्याची संवय या व्यवसायांत लागते, आणि ती सार्वजनिक कामांतहि उपयोगीं पडते.

संस्थान गेलें, तरी त्याचे कागद गेले नाहींत. धाराशिवच्या कचेरींत आजहि जमिनीचा जुना दावा आला कीं प्रथम दप्तर शोधावें लागतें. इनामाचा मुंतखब उर्दूंत, त्यापूर्वींचे कांहीं कागद मोडींत, आणि तारखा फसली सनाच्या. फसली सनांत ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. महिना न पाहतां सरसकट एकच आकडा मिळविला तर एक वर्षाची चूक होते, आणि मुदतीच्या प्रश्नांत एक वर्ष म्हणजे सर्वस्व. त्यानंतर १९५० चा हैदराबादचा कूळकायदा, १९५४ चा इनाम निर्मूलनाचा कायदा, आणि १९५४-५५ ची प्रसिद्ध खासरा पाहणी. त्या वर्षीं शेतावर कब्जा कोणाचा लिहिला गेला, यावर कित्येक घराण्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांचे वाद चालले आहेत. हे कागद वाचतां येणारा एक म्हातारा कारकून ज्या कचेरींत आहे, ती कचेरी दहा नव्या ग्रंथांच्या कपाटापेक्षां श्रीमंत समजावी.

दुसरी अडचण अंतराची. १९५६ पर्यंत अपील हैदराबादेस जाई. त्या वर्षीं राज्यांची पुनर्रचना झाली आणि तें मुंबईस जाऊं लागलें. धाराशिवच्या कुणब्यास मुंबई म्हणजे चारशें किलोमीटरांहून अधिक प्रवास, परकें शहर आणि राहण्याचा खर्च. अनेकांनीं याच कारणानें अपिलाचा नाद सोडला असेल. २७ ऑगस्ट १९८१ रोजीं औरंगाबाद येथें उच्च न्यायालयाचें खंडपीठ सुरू झालें. त्याच्या कायदेशीरपणासच आव्हान देण्यांत आलें. परंतु १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खंडपीठाच्या बाजूनें निकाल दिला, आणि १९८४ सालीं तें कायम झालें. त्या शहरास आतां छत्रपति संभाजीनगर म्हणतात. गंमत अशी कीं, जिल्ह्याच्या नांवाचा वादहि अखेर न्यायालयांतच गेला: २०२३ सालीं उस्मानाबादचें धाराशिव झालें, आणि त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयानें ८ मे २०२४ रोजीं फेटाळल्या. खंडपीठ जवळ आल्यापासून लहान कचेरीला एक नवा आधार मिळाला. खालीं आपण तयार केलेला दावा वर कसा टिकतो, हें तिला पाहतां येऊं लागलें.

खालच्या न्यायालयांतील पुराव्यानें वरचा निकाल कसा ठरतो, याचें महाराष्ट्रांतील सर्वांत बोलकें उदाहरण धाराशिवचें नव्हे, महाडचें आहे. त्या दाव्याचे नायक डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच जिल्ह्यांत कसबे तडवळे येथें १९४१ च्या फेब्रुवारींत महार-मांग वतनदारांच्या परिषदेस आले होते. ती आठवण तेथें अजून जपली जाते. त्यांची वकिलीची कचेरीहि मोठी नव्हती. १९२३ सालीं त्यांनीं मुंबईस वकिली सुरू केली, परळच्या दामोदर हॉलमध्यें त्यांचें कार्यालय होतें, आणि चरितार्थासाठीं त्यांना व्यापारी कायदा शिकविण्याची नोकरीहि करावी लागली.

२० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केल्यानंतर डिसेंबरांत महाडच्या न्यायालयांत त्यांच्याविरुद्ध दावा दाखल झाला. तळें खासगी आहे, निदान अस्पृश्यांना तेथें मज्जाव करण्याची अनादि रूढि आहे, असें वादींचें म्हणणें. १४ डिसेंबरास तात्पुरता मनाई हुकूम निघाला. बाबासाहेबांनीं तो पाळला, सत्याग्रह तहकूब ठेवला, आणि लढाई पुराव्यावर आणली. तळें नगरपालिकेचें आहे हें ठरलें. राहिला रूढीचा प्रश्न. रूढि आहे असें म्हणणाऱ्यानें ती अनादि आहे हें सिद्ध करावें लागतें. आमच्या आठवणींत असेंच चालत आलें, एवढें सांगून भागत नाहीं. ८ जून १९३१ रोजीं महाडच्या न्यायालयानें दावा फेटाळला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयानें तोच निकाल कायम केला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया यांच्यापुढेंहि वादींना रूढि सिद्ध झाल्याचें दाखवितां आलें नाहीं. दहा वर्षें चाललेला एवढा मोठा सामाजिक प्रश्न अखेर पुराव्याच्या एका कांट्यावर तोलला गेला, आणि तो पुरावा महाडासारख्या लहान गांवच्या न्यायालयांत नोंदला गेला होता.

आतां आजच्या धाराशिवाकडे वळूं. येथील लहान कचेऱ्यांचें मोठें क्षेत्र म्हणजे भूसंपादनाचे दावे. धरणें, तलाव, कालवे, रस्ते यांसाठीं जमिनी गेल्या; सरकारी अधिकाऱ्यानें ठरविलेला मोबदला अपुरा वाटल्यास १८९४ च्या कायद्याच्या १८ व्या कलमान्वयें प्रकरण न्यायालयाकडे पाठवून घेतां येत असे. यांत किती फरक पडतो तें एका हिशेबानें दाखवितों. एकरीं एक लाख मिळाले होते आणि न्यायालयानें दोन लाख ठरविले असें समजूं. वाढ एक लाखाची. १९८४ च्या दुरुस्तीप्रमाणें तिच्यावर शेंकडा ३० दिलासा रक्कम, म्हणजे १,३०,००० रुपये. त्यावर ताबा गेल्यापासून पहिल्या वर्षीं शेंकडा ९ आणि पुढें शेंकडा १५ व्याज. पांच वर्षांनीं व्याजाचेच ८९,७०० रुपये होतात, आणि एकूण २,१९,७०० रुपये शेतकऱ्याच्या हातीं येतात. इतर बाबी मी सोडून दिल्या आहेत. २०१४ पासून नवा कायदा अमलांत आला, आणि त्यानें दिलासा रक्कम शेंकडा १०० केली.

पण ही वाढ भाषणानें मिळत नाहीं. शेजारच्या जमिनीचीं खरेदीखतें काढावीं लागतात, सातबाऱ्यावरील पिकें पाहावीं लागतात, विहीर आणि झाडें मोजावीं लागतात, डांबरी रस्ता किती दूर हें दाखवावें लागतें. यांतील एक कागद राहिला तर वरच्या न्यायालयांत तो कोणी जोडून देत नाहीं. शिवाय याच कायद्याच्या २८-अ कलमांत एक मोठी माणुसकी आहे. ज्यांनीं अर्जच केला नव्हता, अशा त्याच अधिसूचनेंतील शेतकऱ्यांना न्यायालयाच्या निवाड्यानंतर तीन महिन्यांच्या आंत अर्ज करून तोच दर मागतां येतो. म्हणजे एका शेतकऱ्याचा दावा नीट चालला तर साऱ्या शिवाराचें कल्याण होतें, आणि तो निष्काळजीपणानें चालविला तर गांवाचें नुकसान होतें. नव्या कायद्यांतहि ही तरतूद ठेवलेली आहे.

अशी कचेरी वाढते कशी? आपल्या देशांत वकिलास जाहिरात करण्याची मनाई आहे. पाटी लावावी, पण ढोल वाजवूं नये. तेव्हां तिची कीर्ति बाजाराच्या दिवशीं एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानीं जाते. तिची खरी वाढ हाताखालच्या तरुणांत होते. उलटतपासणी पुस्तकांत शिकतां येत नाहीं. साक्षीदार म्हणतो, “वीस वर्षें तें रान मीच नांगरतों.” कडुनिंब बांधाच्या कोणत्या अंगास आहे आणि पाणी कोणाच्या विहिरीचें घेतां, हे दोन साधे प्रश्न त्याची परीक्षा पाहतात, परंतु ज्या वकिलानें तें रान डोळ्यांनीं पाहिलेंच नाहीं, त्याला ते सुचणार कसे? म्हणून चांगला ज्येष्ठ वकील तरुणास आधीं शेतावर पाठवितो, आणि मग न्यायालयांत.

आणखी एक खूण सांगतों. चांगली कचेरी सर्व दावे घेत नाहीं. ज्या दाव्यांत दम नाहीं त्याच्या धन्यास ती पहिल्याच दिवशीं तसें सांगते, आणि भावाभावांचा वाद असेल तर लोकअदालतीची वाट दाखविते. तेथें झालेल्या तडजोडीवर अपील नाहीं, आणि न्यायालयांत भरलेलें शुल्क परत मिळतें. तिचा एक पक्षकार कमी होतो खरा, पण दोन चुली एका बांधावर सुखानें पेटतात. स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींतील लोक व कोठडींतील माणसें यांना उत्पन्न न पाहतां मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तोहि ज्या कचेरींत सांगितला जातो, तिच्या बांकावर गर्दी कमी होण्याचें भय नाहीं.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांचीं घरें शहरांत असलीं तरी मुळें कोठल्या तरी गांवच्या सातबाऱ्यांत गुंतलेलीं असतात. कधीं काळीं दावा करण्याची वेळ आलीच, तर वकिलाची वक्तृत्वशक्ति पाहूं नका, त्याच्या कचेरीचा थाटहि पाहूं नका. पहिल्या भेटींत तो तुम्हांस किती प्रश्न विचारतो, कोणते कागद मागतो, आणि तुमच्या बाजूचें दुबळें अंग तुम्हांस स्पष्ट सांगतो कीं नाहीं, एवढें पाहा. जो तें सांगतो, त्याच्या हातीं कागद सोंपविण्यास हरकत नाहीं.