पाहुणा चित्रकार ज्यूल ताव्हेर्निए

आम्ही कोडिंगवाले, तरी आज एका चित्राबद्दल बोलणार आहोत. १८४४ साली पॅरिसात जन्मलेला ताव्हेर्निए अमेरिकेत आला, 'हार्पर्स वीकली'साठी चित्रं काढत सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. १८७८ मध्ये त्याने क्लिअर लेकच्या पोमो लोकांचा, जमिनीखालच्या सभागृहातला नाच रंगवला. चित्र काढायला सांगितलं कोणी? तिबुर्सिओ पॅरट यांनी. त्यांची पाऱ्याची खाण याच वस्तीलगत! नाच बघायला आलेले गोरे पाहुणेही ताव्हेर्निएने चित्रात ठेवले, हे आम्हाला फार आवडलं. खाण केव्हाच बंद झाली, पण तळ्यातला पारा अजून गेलेला नाही.

पुढे कर्जापायी तो हवाईला गेला, तिथे ज्वालामुखी रंगवले. १८८९ मध्ये होनोलुलूत वारला. थडग्यावरचा दगड सॅन फ्रान्सिस्कोच्या मित्रांनी पाठवला.