मूल कोणाच्या हाती देता?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे विस्तारून लिहिले आहे.)





मी एक साधा शाळामास्तर आहे. मोठ्या विद्वानांच्या पंक्तीत मला उभे केले, हा संस्थेचा मोठेपणा. परंतु जो विषय मला दिला आहे तो मी पुस्तकातून शिकलेलो नाही. आईवडील परदेशी आणि मूल येथे निवासी शाळेत, हे आयुष्य मी स्वतः जगलो आहे, आणि पुढे रेक्टर म्हणून दुसऱ्या बाजूनेही पाहिले आहे. म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

आपल्या कोकणातला माणूस घर सोडून जाण्यात कधी मागे राहिला नाही. आधी तो मुंबईच्या गोदीत आणि बोटींवर गेला. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, त्यानंतर आखाताची वाट रुळली. प्रथम बाप एकटा जाई. पुढे ज्यांना जमले त्यांनी बायकामुलांना नेले. आता मुले परत पाठवण्याचे दिवस पुन्हा आले आहेत. जुलै २०१७ पासून सौदी अरेबियात परदेशी नोकरदाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल आकारणी सुरू झाली आणि २०२० पर्यंत ती ४०० रियालवर गेली. बायको आणि तीन मुले धरा. महिन्याला १६०० रियाल झाले. मध्यम पगाराच्या माणसाने काय करावे? अशा वेळी घराघरात एकच प्रश्न निघतो: मुलाला कोणत्या बोर्डिंगात टाकू?

'बोर्डिंग' हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे उभी केली, त्यात १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगचाही पाया घातला गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसत. ही बोर्डिंगे खेड्यातल्या गरीब मुलाला शाळेपर्यंत आणण्यासाठी होती. आज आपण बोर्डिंग शोधतो ते पैसा नाही म्हणून नव्हे, तर आईबाप जवळ नाहीत म्हणून. हा फरक ध्यानात घेतला नाही तर निवड चुकते.

माझीच गोष्ट सांगतो. माझे अब्बा सौदीत क्रेन चालवीत. २००१ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मला एका निवासी शाळेत घातले. शाळेचे नाव सांगत नाही, कारण ती वाईट नव्हती. इमारत भक्कम, जेवण पोटभर, निकाल उत्तम. दर शुक्रवारी अब्बांचा फोन येई. फोन कचेरीत होता आणि शेजारी वॉर्डनसाहेब उभे असत. अब्बा विचारीत, "बेटा, कसा आहेस?" मी म्हणे, "ठीक आहे." त्याच काळात माझा उजवा कान वाहत होता. वॉर्डनांना एकदा सांगितले, त्यांनी थेंब दिले आणि ते विसरले. पंचेचाळीस मुलांमागे ते एकटे होते. त्यांचा तरी किती दोष काढावा? दोन महिन्यांनी मामू भेटायला आले, त्यांनी उशीवरचा डाग पाहिला आणि मला तडक डॉक्टरकडे नेले. पडदा गेला होता. आजही वर्गात मी डावा कान पुढे करून मुलांचे उत्तर ऐकतो. मुलांना वाटते ही सरांची लकब आहे.

अब्बांना ते शेवटपर्यंत लागून राहिले. ते म्हणत, "मी फी एक दिवस उशिरा भरली नाही." खरेच भरली नव्हती. परंतु शाळेत घालण्यापूर्वी त्यांनी इमारत पाहिली, निकाल पाहिला. मूल आजारी पडले तर रात्री कोण उठेल, हे मात्र विचारले नाही. ते विचारायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून आज मी तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट: बोर्डिंग खरोखर हवे आहे काय? घरी दादी धडधाकट असेल, मामू जबाबदारी घेणारा असेल आणि गावाजवळ बरी शाळा असेल, तर दहा वर्षांखालच्या मुलाला घरातच राहू द्या. लहान मूल दुःख शब्दांत सांगत नाही. ते अंथरूण ओले करते, जेवण टाकते, गप्प होते. हे ओळखायला घरचे डोळे लागतात. माझ्या अनुभवाने पाचवी-सहावीच्या आधी घाई करू नये. उलट फार उशीरही नको. केंद्रीय मंडळाच्या शाळांत दहावीच्या परीक्षेसाठी नोंदणी नववीतच होते. तेव्हा बदल करायचा तो नववीच्या आरंभापर्यंत करावा. दहावीत आणून मुलाचे हाल करू नयेत.

दुसरी गोष्ट: पाटीवरचे शब्द नीट वाचा. 'डे-बोर्डिंग' म्हणजे मूल संध्याकाळपर्यंत शाळेत, रात्री घरी. परदेशातून फोनवर चौकशी करणारे अनेक पालक येथे फसतात. काही शाळांत वसतिगृह असते, पण बहुतेक मुले गावातली आणि वसतिगृहात मोजकीच. काही ठिकाणी मुले शनिवारी घरी जातात व सोमवारी येतात. तुम्हांला हवी ती पूर्ण निवासी शाळा. जिथे शिक्षकही आवारात राहतात आणि सुट्टीच्या दिवशीही शाळा जागी असते. ओळखायचे कसे? एकच प्रश्न विचारा: "रविवारी दुपारी वसतिगृहात किती मुले असतात?" मी रेक्टर होतो तेथे साठ मुले होती. रविवारी आठ उरत. ती आठही परदेशी पालकांची. त्या दिवशी आचारी रजेवर, मैदानाला कुलूप. आठवड्याचे सहा दिवस ती मुले आनंदात असत आणि सातव्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडत. शाळा पाहायला जाल तर रविवारी जा.

तिसरी गोष्ट: माणसे पाहा. किती मुलांमागे एक वॉर्डन? तो रात्री कोठे झोपतो? नर्स किंवा मेट्रन आवारात राहते काय? जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे? मोठी आणि लहान मुले एकाच खोलीत झोपतात काय? मुलाला घरी एकांतात बोलता येते काय? मुलाची तक्रार वॉर्डनबद्दलच असेल तर त्याने कोणाकडे जावे? शेवटचा प्रश्न विचारायला आपण संकोचतो. संकोचू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारण्यास आणि मानसिक छळास मनाई केली आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा गुन्हा ठरवला आहे. चांगली शाळा या प्रश्नांवर रागावत नाही. तिची उत्तरे तयार असतात. जी शाळा रागावते तिला खुदा हाफिज म्हणा. मुलालाही १०९८ हा मदतीचा क्रमांक पाठ करून द्या.

चौथी गोष्ट, आणि मी हिला सर्वांत मोठी मानतो: स्थानिक पालक. प्रवेशाच्या अर्जावर त्यासाठी एक ओळ असते आणि आपण तेथे कोणाचेही नाव लिहून मोकळे होतो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे वसतिगृहे रिकामी करण्याचा हुकूम आला, विमाने बंद झाली. साठांपैकी अठ्ठावन्न मुले नेली गेली. दोन भाऊ राहिले. त्यांच्या अर्जावरचे स्थानिक पालक म्हणजे वडिलांचे मित्र, आणि ते स्वतःच दुबईत अडकलेले! त्या मुलांना मी घरी आणले. अडीच महिने ती आमच्याकडे राहिली. रोजे झाले, ईद झाली. ईदच्या दिवशी धाकट्याने मला विचारले, "सर, आमचे नाव कोणाच्या यादीत आहे?" मजजवळ उत्तर नव्हते. आज ते तुमच्याकडे मागतो. ज्याचे नाव लिहाल त्याला आधी विचारा. तो दोन तासांत शाळेत पोहोचू शकतो काय? महिन्यातून एकदा रविवारी मुलाला घरी नेईल काय? शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायला तुम्ही त्याला लेखी अधिकार दिला आहे काय? असा माणूस जेथे आहे त्या भागातली शाळा निवडा. पाचगणीची हवा उत्तम, तेथील शाळा जुन्या आणि नावाजलेल्या; पण तुमचे सारे नातलग मंडणगडात असतील, तर पावसाळ्यातल्या घाटाचा हिशोबही करा.

पाचवी गोष्ट सुट्टीची. आखातातील भारतीय शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते, आपल्याकडे मे महिन्यात. म्हणजे धाकटी भावंडे अम्मीबरोबर गावी येतात तेव्हा थोरला बोर्डिंगात परीक्षेच्या तयारीत असतो. हे आधीच ठरवा. निवास परवान्याचेही पाहा. यूएई, कुवेतसारख्या देशांत साधारणपणे सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परवाना धोक्यात येतो. वर्षातून एकदाच नेऊ म्हणाल तर चालणार नाही.

सहावी गोष्ट कागदपत्रांची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेथील शिक्षण खात्याचे आणि भारतीय दूतावासाचे साक्षांकन निघण्यापूर्वीच करून घ्या; येथून ते करताना नाकी नऊ येतात. तसेच वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांत दहावी-बारावी कोणत्या राज्यातून केली आणि अधिवासाचा दाखला आहे की नाही, याला महत्त्व असते. शेजारच्या राज्यातील शाळा स्वस्त मिळाली म्हणून मुलाला तेथे घालण्यापूर्वी त्या वर्षीचे प्रवेश नियम वाचा. फी वाचवताना डॉक्टरकीची वाट अडेल असे होऊ नये.

सरकारी वाटाही विसरू नका. ज्यांची मुले आजोळी राहून जिल्ह्यातील शाळेत पाचवीत आहेत, त्यांनी जवाहर नवोदय विद्यालयाच्या परीक्षेस जरूर बसवावे. तेथे राहणे-जेवणे मोफत असते. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून चालू आहे, तेथे सहावीत व नववीत परीक्षा देऊन प्रवेश मिळतो. आता या शाळेची दारे मुलींनाही उघडली आहेत. आपली मुले अशा परीक्षांना फार थोडी बसतात, याची मला खंत आहे.

आता नमाज, रोजे आणि जेवणाचा प्रश्न. तो मनात ठेवू नका, मुख्याध्यापकांना सरळ विचारा. शुक्रवारी नमाजला जाता येईल काय? रमजानमध्ये सहरीची सोय होते काय? मांस हलाल नसेल तर शाकाहारी ताट मिळते काय? माझा अनुभव असा की अदबीने विचारले तर बहुतेक शाळा वाट काढतात. परंतु निव्वळ आपल्या समाजाची शाळा आहे एवढ्यावर डोळे मिटून मूल देऊ नका, आणि निव्वळ इतरांची आहे म्हणून टाळूही नका. वॉर्डन, वैद्यकीय सोय, रविवार हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच विचारा. माझ्या उशीवरचा डाग पाहायला वॉर्डनाचा धर्म नव्हे, त्याचे लक्ष हवे होते.

भगिनींनो, मुलींबद्दलही बोलतो. अनेक घरांत मुलगा बोर्डिंगात जातो आणि मुलीची शाळा सातवीनंतर थांबते, कारण "तिला कोठे ठेवायचे?" जे दहा प्रश्न मुलासाठी विचाराल तेच मुलीसाठी विचारा, त्यात महिला रेक्टर आणि आवाराच्या बंदोबस्ताचे दोन अधिक घाला. उत्तरे समाधानकारक असतील तर तिला थांबवण्याचे कारण उरत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, शिक्षणासाठी विलायतेस गेले. घरापासून लांब राहून माणूस मोठा होऊ शकतो. पण लांब राहणे म्हणजे सोसून गप्प बसणे नव्हे. अब्बा तेथे उन्हात राबतात, त्यांना कशाला त्रास, असे तुम्हांला वाटेल. मलाही वाटले होते. सांगा. कान दुखतो तर सांगा, कोणी छळतो तर सांगा. सांगितले नाही म्हणून माझ्या अब्बांचा त्रास वाचला नाही, तो वाढला.

पालकहो, निर्णय तुमचा आहे, परंतु मुलाला एकदा सोबत नेऊन शाळा दाखवा, तेथे एक दिवस राहू द्या, आणि परत येताना त्याला विचारा. पहिल्या सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. नाही जमले तर परत आणा. त्यात नामुष्की नाही. फी बुडाली तर पुन्हा कमावता येते.

सभा संपल्यावर ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी संकोच न करता भेटावे. फक्त माझ्या डाव्या बाजूने बोलावे, इतकीच विनंती.

खुदा हाफिज.