रात्र रात्रीसारखीच दिसू द्या: फ्लॅशविना लग्नाचे फोटो

लग्नसराई तोंडावर आली की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, नवा कॅमेरा घेतला. आता लग्नात फ्लॅश नाही मारला तरी चालते ना?" आजचा भाग त्यावरच. थोडं गणित आहे, पण गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही, त्यामुळे घाबरू नका.

आधी आपल्याकडचं लग्न डोळ्यांसमोर आणा. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर जातो. भर दुपारी कोण मांडवात बसणार? म्हणून बरीच लग्नं संध्याकाळची. पत्रिकेवर सहा पस्तीसचा मुहूर्त छापलेला असतो, वरात नाचत-नाचत मांडवात पोचेपर्यंत आठ-नऊ वाजतात. फोटोग्राफरच्या हिशोबात ते रात्रीचंच लग्न. शहरातल्या लॉनवर मागे एलईडीची भिंत, डीजेचे जांभळे-निळे लाइट, वरून शार्पीचे झोत. खेड्यात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, चार बल्ब, एखादी झालर, आणि वादळ आलं की लाइन गेलीच. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे म्हणे, पण लग्नाच्या रात्री आपल्या कामी जनरेटरच येतो. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया लग्नात रेला नाच रात्रभर चालतो, तिथे उजेड म्हणजे एखादा बल्ब नाहीतर शेकोटी.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. मी निकॉन डी ५६०० वरून झेड ६ टू वर आलो. झेड ६ थ्री २०२४ मध्ये आल्यावर आधीचं मॉडेल आवाक्यात आलं, म्हणून घेतलं. घरी पहिला प्रश्न, "मेगापिक्सेल किती वाढले?" जुन्यात २४.२, नव्यात २४.५. म्हणजे वाढलेच नाहीत! मग पैसे कशाचे गेले? सेन्सरच्या आकाराचे. जुना सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, नवा ३५.९ बाय २३.९. क्षेत्रफळ काढा, २.३ पट होतं. पावसात छोटं पातेलं ठेवण्याऐवजी घमेलं ठेवल्यासारखं आहे. पाऊस तेवढाच, पण जास्त गोळा होतो.

फोटोतला तो दाणेदार नॉइज मुळात कमी उजेडामुळे येतो. लोकांना वाटतं आयएसओ वाढवला म्हणून आला. उजेड कणाकणाने येतो आणि कण कमी असले की त्यांचा अंदाज डळमळतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सॅम्पल लहान पडलं. उजेड चौपट केला की सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर दुप्पट होतं. आयएसओचं बटण नुसता आवाज मोठा करतं, गाणं सुधारत नाही.

मग नुसता कॅमेरा बदलून भागतं का? हिशोब मांडू. ९ वॉटच्या एलईडी बल्बपासून अडीच-तीन मीटरवर साधारण दहा लक्स उजेड पडतो. आपण घरात वाचायला बसतो तिथे शंभराच्या वर असतो, म्हणजे हा त्याच्या दहाव्या भागाइतकाच. या दहा लक्समध्ये कॅमेऱ्यासोबत येणारी साधी किट लेन्स झूम केली की ५.६ वर जाते. आयएसओ ६४०० ठेवला तरी शटर येतं सेकंदाचा आठवा भाग. एवढ्या वेळात मान हलली तरी चेहरा पुसला जातो. तिथेच ५० मिलिमीटरची १.८ वाली लेन्स लावा. बाकी सगळं तेच, शटर येतं सेकंदाचा ऐंशीवा भाग. जवळजवळ दहापट फरक! मोठ्या सेन्सरने २.३ पट दिलं, लेन्सने दहापट. ज्यांचं बजेट एकाच वस्तूचं आहे त्यांनी आधी १.८ वाली लेन्स घ्यावी, कॅमेरा पुढच्या वर्षी. दुकानदार उलट सांगेल, पण गणित हे असं आहे.

बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनबद्दलही एक गैरसमज आहे. ते तुमचा हात हलला तर सावरतं. नवरदेवाचा मित्र नाचतोय, त्याला ते थांबवू शकत नाही. उभ्या माणसाला ऐंशीवा भाग पुरतो, नाचणाऱ्याला किमान दोनशेवा लागतो. तेव्हा आयएसओ १२८०० च्या पुढे जावं लागलं तर बिनधास्त जा. लग्नाचा फोटो बहुतेक लोक मोबाइलवर बघतात नाहीतर अल्बमच्या पानावर. तिथे थोडा दाणा कुणाला खुपत नाही. हललेला चेहरा मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आता नव्या कॅमेऱ्यातली एक गंमत. सायलेंट मोड असतो, आवाज न करता फोटो. मंगलाष्टकं चालू असताना मोह होतोच. पण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही. सायलेंट मोडमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आणि फोटोवर काळे-पांढरे पट्टे येतात. म्हणून मांडवात मेकॅनिकल शटरच ठेवा, वेग शंभरावा किंवा पन्नासावा भाग, आणि फ्लिकर रिडक्शन चालू. दोनशेव्यावर जायचं असेल तर आधी दोन-चार फोटो काढून पट्टे येतात का बघा. एलईडीच्या भिंतीचं लुकलुकणं आणखी वेगळं असतं, तिथे वेग थोडा खाली-वर करून बघावं लागतं.

फोकसचंही तसंच. १.८ वर, दोन मीटर अंतरावर, जेवढा भाग स्पष्ट येतो त्याची खोली जेमतेम सतरा सेंटिमीटर. नवरीचे डोळे स्पष्ट असतील तर एक पाऊल मागे उभा नवरदेव धूसर होणार. दोघं हवेत? एका रेषेत उभे करा, नाहीतर लेन्स ४ पर्यंत बंद करा आणि तेवढ्यासाठी उजेडाजवळ घ्या. डोळा ओळखणारा ऑटोफोकस छानच आहे, पण मुंडावळ्या आणि बाशिंगाच्या लडी त्याला फसवतात, तो डोळ्याऐवजी मोत्यांवर जाऊन बसतो. अंतरपाट खाली जातो तेव्हा तर सगळीकडून अक्षता उडतात आणि फोकस तांदळावर जातो! त्या क्षणाआधीच नवरीच्या चेहऱ्यावर फोकस धरून ठेवा, लॉक करा, मग वाट बघा. आणि फोकससाठी कॅमेऱ्यातून निघणारा तो हिरवा दिवा मेनूतून बंद करा. फ्लॅश टाळायचा आणि लोकांच्या डोळ्यांत टॉर्च मारायची, याला अर्थ नाही.

एवढं सगळं करायचं तर सरळ फ्लॅश का नको? प्रश्न रास्त आहे. ग्रुप फोटोला, वीस पाहुणे स्टेजवर उभे असताना, मी स्वतः फ्लॅश लावतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. पण हळद, वरात, लग्न लागणं आणि नंतरचा नाच, इथे फ्लॅश दोन गोष्टी बिघडवतो.

पहिली म्हणजे जागा. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. अंतर दुप्पट, उजेड चौथा हिस्सा. पुढचा माणूस पांढराफटक, मागे आजी बसलेली ती अंधारात, तिच्या मागचा मांडव तर गायबच. लग्न कुठे झालं हेच फोटोतून निघून जातं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बहुतेक माणसं सावळी-काळी आहेत. हळद आणि तेल लावलेल्या चेहऱ्यावर समोरून फ्लॅश मारला की कपाळावर पांढरे डाग येतात आणि कातडीचा खरा रंग मरतो. मग एडिटिंगमध्ये सगळं गुळगुळीत आणि गोरं करायचं. घरातलंच कुणीतरी बाजूला घेऊन सांगतं, "भाऊ, नवरीला थोडी उजळ करून द्याल." आमच्या नात्यातल्या एका मावशींचा अल्बम असाच आहे. कुणी केला ते महत्त्वाचं नाही, तेव्हा सगळेच तसं करायचे. तिची नात पानं उलटताना विचारते, "ही कोण आहे?" मावशी हसून म्हणतात, "मीच व्हय." पण अल्बम त्या फार वेळ उघडा ठेवत नाहीत.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. कोडॅकच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला एक नमुना फोटो असायचा, शिर्ली कार्ड म्हणायचे त्याला. कितीतरी वर्षं त्यावर गोऱ्या बाईचाच चेहरा होता. म्हणजे गोरा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर, बाकीच्यांनी आपापलं बघावं. आज सेन्सर तसा भेदभाव करत नाही, पण ऑटो मोड आपल्याला अजून फसवतो. मागे काळोख असला की मीटरला वाटतं सगळंच काळं आहे, आणि तो चेहरा नको तेवढा उजळवतो. मागे एलईडीची भिंत असली की उलटं, चेहरा कोळसा. म्हणून मॅन्युअल ठेवा, चेहऱ्यावरून एक्सपोजर ठरवा आणि उजेड बदलेपर्यंत हात लावू नका.

नव्या कॅमेऱ्याचा धोकाही इथेच आहे. तो अंधारात इतकं बघतो की रात्रीची दुपार करता येते. शेकोटीभोवती रेला चालू आहे आणि फोटोत मागची झाडं, बैलगाडी, सगळं लख्ख! हे खोटं आहे. तिथे बसलेल्याला झाडं दिसत नव्हती, ज्वाळेच्या बाजूचे अर्धे चेहरे दिसत होते. तेवढेच दाखवा. एक-दीड स्टॉप खाली ठेवा, रंगही ऑटोवर सोडू नका. ऑटो व्हाइट बॅलन्स शेकोटीचा पिवळेपणा पुसायला बघतो. चार हजार केल्व्हिनच्या आसपास एकच आकडा ठेवा, रॉ मध्ये काढा. मी तर फोटो देताना आता घरच्यांना आधीच सांगतो, "रंग आहे तोच राहील. पिंपल असेल तर काढून देतो, रंग बदलणार नाही." एक-दोन ठिकाणी कुरकुर झाली. पण नवरीने स्वतः कधी तक्रार केली नाही.

उजेड फारच कमी असेल तर? स्टॅन्ली क्युब्रिकने १९७५ च्या 'बॅरी लिंडन' मध्ये मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग टिपले. त्यासाठी मूळ नासासाठी बनलेली ०.७ ची झाइस लेन्स वापरली, हे सगळे सांगतात. त्याने प्रसंगात मेणबत्त्याही भरपूर लावल्या होत्या, हे कमी लोक सांगतात. आपल्यासाठी धडा सोपा आहे. दुपारीच जाऊन बिछायतवाल्याशी बोला. "काकाजी, बोहल्याच्या बाजूला दोन पिवळे बल्ब जास्तीचे लावून द्या." एका बाजूने, डोक्याच्या थोडे वर. शे-दोनशे रुपयांत काम होतं आणि उजेड मांडवाचाच राहतो. डीजेवाल्यालाही विनंती करा की लग्न लागताना दहा मिनिटं जांभळा बंद ठेव.

सराव कुठे करायचा? वडसा-देसाईगंज आहे ना आपलं! थंडीत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. कमी-जास्त होणारा रंगीत उजेड, हलणारी माणसं. मंडळाची परवानगी काढा, मागे बसा, आणि नव्या कॅमेऱ्याची बटणं अंधारात न बघता सापडेपर्यंत फोटो काढा. ताडोब्यात जाणाऱ्यांना तर फ्लॅशविना काढायची सवय असतेच. वाघासमोर फ्लॅश चालत नाही, पहाटेच्या उजेडात जमवावं लागतं. वाघाला जेवढा मान देतो तेवढा नवरीलाही द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

शेवटी दोन-तीन कामाच्या गोष्टी. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो जाऊ द्या. मिररलेसची बॅटरी लवकर उतरते, तीन तरी ठेवा, यूएसबी-सी ने पॉवर बँकेवर चार्ज होते ते बरं. आणि माडिया गावात लग्नाला गेलात तर आधी गावच्या गायत्याला, घरच्या मोठ्यांना विचारा की काय काढायचं, काय नाही. एखाद्या विधीला "नको" म्हटलं तर कॅमेरा बॅगेत. तिथे आयएसओ कितीही असला तरी उपयोग नाही.

तुमच्याकडे या मोसमात लग्न असेल तर फ्लॅशविना दहा फोटो काढून बघा, आणि ते आधी नवरीला दाखवा. ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.