जमिनीखालचा सांधा



आज आपण टेलिफोनच्या तारेबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, तार जमिनीखाली. आमचा तिच्याशी काय संबंध?" संबंध आहे. आपली कुदळ जमिनीतच चालते. पाइपासाठी चर आपणच खणतो. म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

मुंबईत टेलिफोन केंद्र सुरू झाले ते १८८२ साली. तेव्हापासून पुष्कळ वर्षे माणसाचे बोलणे तांब्याच्या तारेतून गेले. एका फोनला दोन तारा लागतात. ही झाली एक जोडी. केंद्रातून या जोडीत सुमारे ४८ व्होल्टची वीज सोडलेली असते. घरातल्या दिव्याची वीज २३० व्होल्ट. त्यापुढे ही फारच थोडी. अशा दहा, वीस, शंभर जोड्या एकत्र वळतात आणि वर जाड आवरण घालतात. दोरात जसे पेड, तशा आत तारा. याला केबल म्हणतात.

आत प्रत्येक तारेला स्वतःचे वेष्टन असते. एका तारेने दुसरीला शिवायचे नाही, हा नियम. पूर्वी हे वेष्टन कागदाचे असे आणि बाहेरून शिशाचे आवरण असे. कोरडा कागद वीज अडवतो. पण दिव्याची वात जसे तेल ओढते, तसा कागद पाणी ओढतो. भिजला की त्याचा उपयोग संपला. पुढे कागदाच्या जागी प्लॅस्टिक आले. ते भिजत नाही. मग पाण्याची भीती गेली का? नाही गेली.

बघा, आपल्या शेतातला पाइप कुठे गळतो? बहुतेक वेळा सांध्यात. केबलीचेही तसेच आहे. केबल रिळावर मावेल तेवढीच लांब असते. पुढे दुसरी जोडावी लागते. त्यासाठी टोकाचे आवरण काढतात, एकेक तार तिच्या सोबतिणीला जोडतात आणि वर बंद नळी बसवतात. हा झाला सांधा. पाइपाच्या सांध्यातून पाणी बाहेर येते. इथे पाणी आत शिरते. कुदळीने आवरण फाटले, तर तिथेही तेच होते.

पाणी आत शिरल्यावर काय होते? जमिनीतल्या पाण्यात क्षार असतात. अशा पाण्यातून वीज वाहते. मग एका तारेतली वीज पाण्यातून दुसरीकडे जाते. फोनमध्ये खरखर होते. कधी परक्याचे बोलणे कानी पडते. कधी घंटा एकदाच वाजून थांबते. शेवटी फोन मुका होतो.

ऊन पडले की सांधा थोडा वाळतो आणि फोन पुन्हा बोलू लागतो. लोक म्हणतात, "झाला बरा!" पण तो बरा झालेला नसतो. ओल्यातून वीज वाहते तेव्हा तांबे झिजते. त्यावर हिरवा गंज चढतो. अशी तार एक दिवस तुटते.

आणखी एक गोष्ट. आत मोकळी जागा असली, तर पाणी केबलीतून लांबवर पसरते. भोक एका बांधावर, दोष दुसऱ्या बांधावर. मग लाइनमनने शोधायचे तरी कुठे? म्हणून पुढे तारांमधल्या जागेत चिकट मलम भरू लागले. मोठ्या शहरांत केबलीत कोरडी हवाही दाबून भरत. सायकलच्या ट्यूबसारखी. भोक पडले तर हवा बाहेर येते, पाण्याला आत येऊ देत नाही.

पण पाणी फार आले की शहाण्यांचेही काही चालत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क शहरावर सँडी नावाचे वादळ आले. समुद्राचे पाणी टेलिफोन केंद्राच्या तळघरात शिरले. तांब्याच्या असंख्य तारा नासल्या. तिथे मग काचेच्या तारा घालाव्या लागल्या.

न्यूयॉर्क लांब राहिले. आपल्या भागातली १९९८ सालची हकिकत सांगतो. एका गावात एकच सार्वजनिक फोन होता, किराणा दुकानात. उन्हाळ्यात एका शेतकऱ्याने मळ्यापर्यंत पाइप न्यायला चर खणला. कुदळ केबलीवर बसली. काळे आवरण बोटभर फाटले. फोन मात्र चालूच राहिला. शेतकरी भ्याला. दंड होईल, पोलीस येतील! त्याने फाटलेल्या जागी खताच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला, माती लोटली आणि गप्प बसला.

दोन महिने काही झाले नाही. आषाढात पाऊस लागला आणि फोन खरखरू लागला. श्रावणात तो बंद पडला. लाइनमन आला. दोन दिवस शोधले, जागा सापडली नाही.

तिसऱ्या रात्री एका मजुराला फुरसे चावले. लोक म्हणाले, "फोन लावा, लस कुठं हाय ते इचारा." फोन मुका! त्याला बैलगाडीतून जवळच्या आरोग्य केंद्रात नेले. तिथली लस संपलेली. तिथून जीप करून तालुक्याला नेले. दोन तास फुकट गेले. माणूस वाचला, पण पायाची दोन बोटे गेली.

दुसऱ्या दिवशी तो शेतकरी आपणहून लाइनमनकडे गेला. म्हणाला, "साहेब, माझ्याच कुदळीनं लागलं. भ्यालो म्हून बोललो न्हाई." जागा उकरली. आतल्या तारा हिरव्या झालेल्या. चार हात केबल कापून नवी घालावी लागली. लाइनमन एवढेच म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतंस, तर एका दुपारचं काम होतं."

मंडळी, पाणी पावसाळ्यात दिसते, पण केबलीला जखम होते उन्हाळ्यात. आपण खणतो तेव्हा. आणि जखमेपेक्षा ती लपवणे वाईट.

तुम्ही म्हणाल, "आता तांब्याचे फोन राहिलेत किती? सगळ्यांच्या खिशात मोबाइल." खरे आहे. पण मोबाइलच्या मनोऱ्यापर्यंत बोलणे पुष्कळ ठिकाणी जमिनीखालूनच जाते, काचेच्या बारीक तंतूतून. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची योजना सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच आज भारतनेट म्हणतात. काचेच्या तंतूतून उजेड धावतो, वीज नाही. म्हणून पाणी लागले की लगेच बोलणे थांबत नाही. पण सांध्याच्या डबीत पाणी आणि गाळ साचला, तर ओलीने काच हळूहळू कमजोर होते, ताण पडला की तडकते. कुदळीचा घाव बसला, तर तंतू जागीच तुटतो. सांधा कोरडा हवा, हा नियम बदललेला नाही.

तर आपण काय करायचे?

खणण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा, खालून काय गेले आहे. जेसीबी लावायचा असेल, तर नक्कीच विचारा. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे मोबाइल ॲप सुरू केले आहे. त्याचा अर्थ, खणण्याआधी कळवा. जागा कळवली की तिथे ज्यांच्या तारा किंवा नळ आहेत, त्यांना निरोप जातो.

केबलीची खूण सांगणारा दगड किंवा पाटी उपटू नका. सांध्याच्या खड्ड्यावरचे झाकण काढू नका, तिथे सांडपाणी सोडू नका.

कुदळ लागली, तर त्याच दिवशी कळवा. फोन चालू असला तरी कळवा. जागेवर काठी रोवा, म्हणजे शोधावे लागणार नाही.

आणि जो कळवायला येईल, त्याच्यावर ओरडू नका. हे मी पंचमंडळींना सांगतो आहे. ओरडलात, तर पुढचा माणूस माती लोटेल आणि गप्प बसेल. तक्रारीचा नंबर पंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. तुम्हाला आता वाचता येते. तो नंबर एकदा मोठ्याने वाचा आणि वहीत उतरवून घ्या.

रामराम.