ठिणगीची वेळ

(महोत्सवाच्या मेळाव्यातील भाषण)



मांडवाच्या कडेला उभी असलेली अँबेसेडर आपण येताना पाहिलीच असेल. भालकी, बसवकल्याण, आळंदकडच्या खेड्यांतून बिदर व कलबुर्गीच्या दवाखान्यांत रुग्ण पोचविणारी ही आपली गाडी पुष्कळ वर्षे शेडमध्ये पडून होती. आम्ही चारसहा जणांनी ती पुन्हा उभी केली. त्यातली एकच गोष्ट सांगण्याची आज्ञा झाली आहे. ती म्हणजे टायमिंग.

इंजिन बसले आणि उतावीळपणाने आम्ही डिस्ट्रिब्युटर अंदाजानेच कसला. बॅटरी उतरलेली, म्हणून हँडल मारले. पिस्टन वर पोचण्याच्या फार आधी पेट्रोल पेटले, हँडल उलटे फिरले आणि आमच्यातील एकाचे मनगट मोडले. हँडलचा हाच धोका ओळखून चार्ल्स केटरिंगने केलेला सेल्फ-स्टार्टर 1912 साली कॅडिलॅक गाडीला बसला होता. आम्ही मात्र जुनाच धडा नव्याने घेतला.

पेट्रोलची वाफ एका क्षणात जळून जात नाही. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेते तेव्हा सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक 18 अंश फिरतो. म्हणून पिस्टन माथ्यावर येण्याच्या थोडी आधी ठिणगी पडावी लागते. उशीर झाला तर जोर जातो व इंजिन तापते. फार आधी पडली तर चढावर टकटक होते आणि पिस्टनला मार बसतो.

आता रीत. प्रथम पॉइंटचे अंतर फीलर गेजने पंधरा थाऊ ठेवावे, कारण ते बदलले की टायमिंगही बदलते. मग प्लग काढून रेडिएटरकडील पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरावा व इंजिन हाताने फिरवावे. हवा अंगठ्याला ढकलू लागली की पुलीची खाच पुस्तकात दिलेल्या अंशाच्या खुणेशी आणावी. डिस्ट्रिब्युटरच्या कॉइलकडील बारीक तारेपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत 12 व्होल्टचा दिवा जोडून इग्निशन चालू करावे. डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवीत असता पॉइंट उघडून दिवा लागला, की तीच ठिणगीची वेळ. तेथेच कसावे.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. हुमनाबादच्या वाटेवर भरल्या गाडीने चढ घेताना टकटक ऐकू आली, तेव्हा आम्ही टायमिंग केसभर मागे घेतले. आजचे पेट्रोल शिसेरहित असून त्यात इथेनॉल असते. म्हणून पुस्तकातला आकडा ही सुरुवात, शेवटचा निर्णय कानाचा.

उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबेसेडर बनणे 2014 साली थांबले. हे काम जाणणारे हातही थकत चालले आहेत. आपल्या घरातील मुलामुलींना रविवारी शेडवर पाठवा. आम्ही त्यांना आधी एवढेच शिकवू: हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, आणि खूण पाहिल्याशिवाय नट कसू नये.

मनगट बरे झाले आहे. आज गाडी त्याच हातांनी येथवर आणली.