महाबळेश्वरचा चिनी तुरुंग

इंग्लंडातून 1788 ते 1868 या काळात हजारो कैदी ऑस्ट्रेलियात हद्दपार झाले आणि त्यांच्या वियोगाची गाणी इंग्लंडच्या रस्त्यांवर छापील पत्रकांतून विकली गेली. पण हद्दपारीची हीच शिक्षा, जिला मराठी मुलुख 'काळे पाणी' म्हणून ओळखत होता, सातारा जिल्ह्यातही माणसे आणून सोडत होती, हे फारसे सांगितले जात नाही. मुंबई इलाख्यातील कैदी सिंगापूर, पिनांग आणि मलाक्का या सामुद्रधुनीच्या वसाहतींकडे पाठवले जात असताना, तिकडच्या चिनी आणि मलायी कैद्यांसाठी 1834 मध्ये महाबळेश्वरी तुरुंग बांधण्यात आला.

सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून घेतलेल्या या डोंगरमाथ्यावर गव्हर्नर माल्कम यांनी नुकतेच थंड हवेचे ठाणे वसवले होते. तेथील रस्त्यांवर हे कैदी राबले आणि त्यांनी बटाट्याचे वाफे व विलायती भाज्यांचे मळे जोपासले, इतके की 1885 च्या सातारा गॅझेटियरलाही, म्हणजे सरकारी जिल्हावर्णनालाही, त्या बागकामाची दखल घ्यावी लागली. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला. कृष्णेच्या उगमाजवळ तीस वर्षे घाम गाळणाऱ्या या परक्या माणसांचे श्रम गॅझेटियरात उरले, त्यांचे दुःख मात्र कोणत्याही गाण्यात आल्याचे आढळत नाही, ही उणीव अभ्यासकांनी गांभीर्याने घ्यावी अशी आहे. कारण सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल उभारणाऱ्या हिंदी कैद्यांचीही गत याहून फार निराळी नाही.