हनोईचा रस्ता ओलांडताना

व्हिएतनाममध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि त्यांत मोटारसायकलींचाच भरणा असतो. राजधानी हनोईच्या जुन्या भागात झेब्रा पट्ट्यांवरही दुचाक्या सहसा थांबत नाहीत. पादचाऱ्याने संथ, एकसारख्या चालीने पुढे जात राहायचे. चालक त्याच्या गतीचा अंदाज घेऊन वळसा घालतात. मध्येच धावणे किंवा मागे फिरणे सर्वांत धोक्याचे, कारण तो अंदाजच चुकतो. बसला मात्र असा वळसा घालता येत नाही. तिला आधी जाऊ द्यावे. स्वतः दुचाकीवर बसायचे, तर हेल्मेट सर्व रस्त्यांवर डिसेंबर २००७ पासून सक्तीचे आहे. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचा असतो. व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या करारानुसारचा. म्हणून भारतीय प्रवाशांनी तिथे भाड्याची मोटारसायकल चालवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.